भंडारी खंय दिसाक नाय?

मे महिन्यात देवगडला मामाकडे होतो. दुपारी जेवणं झाली आणि लाईट गेली, आत बसवेना म्हणून लॅपटॉप घेऊन पडवीत आलो आणि बॅटरी आहे तोवर एखादा एपिसोड बघू म्हणून 'द एक्स्पान्स' ही अंतराळातली इंग्लिश सिरीज लावली. डाउनलोड करूनच नेली होती, तिकडे रेंजचा काय भरोसा नसतो. मामा बाजूला जाळं दुरुस्त करत बसलेला. सगळा जन्म बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान म्हणून गेला, आता गुडघे गेले म्हणून घरी, पण हात स्वस्थ बसत नाहीत, त्यामुळे कुणाचं ना कुणाचं फाटकं जाळं मांडीवर असतंच. इंग्लिश त्याला कळत नाही, चष्मा कायम देव्हाऱ्यापाशी विसरलेला, तरी अधूनमधून मान वर करून बघत होता. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "हे बोटीरले माणसां मा?" म्हटलं हो, पण खाली समुद्र नाही मामा, अंतराळातले आहेत. "ता कळला माका," म्हणाला, "पण ह्यांचो भंडारी खंय दिसाक नाय तो?"

मी हसलो आणि विषय तिथेच राहिला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर परत तेच डोक्यात. भंडारी म्हणजे इथे जात किंवा आडनाव नव्हे हो, बोटीवर जेवण करणारा माणूस. बहुतेक वेळा वयाने सगळ्यात लहान पोरगा. जाळं ओढायला तो पण उभा राहतो, सगळे आडवे झाले की हा स्टोव्ह पेटवतो, बोट डुलतेय, टोप एका हाताने धरलाय, बांगड्याचं तिखलं शिजतंय आणि वरून शिव्या चालूच. मामाचं ठाम मत असं की तांडेल चुकला तर मासळी मिळत नाही, पण भंडारी चुकला तर बोटीवर मारामाऱ्या होतात. एवढी वर्षं मी ही सिरीज डोक्यावर घेऊन नाचतोय, मित्रांना पकडून पकडून बघायला लावलीय, पण त्या माणसांना रांधून कोण घालतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि मामाला अर्ध्या तासात पडला.

मग मुंबईला आल्यावर तेवढ्यासाठी सगळी परत बघायला घेतली.

ज्यांनी बघितलीय त्यांना गोष्ट सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही बघितली त्यांची मजा घालवायची नाही. (थोडी घालवणार आहे, राग मानू नका.) सिरीज 2015 च्या शेवटाला सुरू झाली, 2018 मध्ये मूळ चॅनेलने तीन सीझननंतर बंद केली, तेव्हा फॅन लोकांनी वर्गणी काढून अ‍ॅमेझॉनच्या ऑफिसवरून बॅनर लावलेलं विमान फिरवलं आणि ती परत सुरू झाली, 2022 च्या जानेवारीत संपली. सहा सीझन, 62 एपिसोड. पृथ्वी एका बाजूला, मंगळ दुसऱ्या बाजूला, आणि मधे-पलीकडे लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्पिढ्या खाणीत आणि जहाजांवर राबणारे बेल्टर. यांच्याकडे हवा आणि पाणी सोन्यापेक्षा महाग. पहिल्याच एपिसोडमध्ये सेरेसवर, म्हणजे पट्ट्यातल्या बेल्टरांच्या एका मोठ्या वस्तीवर, एक माणूस लोकांना जमवून भाषण देतो, की या सेरेसवर एकेकाळी बर्फच बर्फ होता, हजार पिढ्यांना पुरेल एवढं पाणी, पृथ्वी आणि मंगळाने खरवडून नेलं. आणि आता त्याच सेरेसला शनीच्या कड्यांमधून बर्फ ओढून आणणाऱ्या जहाजाची वाट बघत बसावं लागतं. हे ऐकताना मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर आमच्या वरच्या वाडीतली मे महिन्यातली टँकरची वाट. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आमच्याकडे, चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल उजाडला की बायका हंडे लावून टँकरची वाट बघतात. तिकडे वरती चिपळूणला कोयनेचं वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीतून खाडीला आणि खाडीतून समुद्राला. म्हणजे पाणी कमी आहे असं नाहीच, ते कुठे थांबतं आणि कुणासाठी थांबतं एवढाच विषय.

बर्फाचंही तसंच. बोट सुटायच्या आधी तीन गोष्टी भरतात, डिझेल, पाणी, बर्फ. बर्फाच्या लाद्या फॅक्टरीतून येतात, मशीनमध्ये भुगा होतो आणि पन्हळीतून खणात सोडतात, तो खरखर आवाज आणि त्या थंड वाफेला येणारा जुन्या मासळीचा वास, लहानपणी आम्ही तिथे नुसते उभे राहायला जायचो, उन्हाळ्यात तेवढीच एसी. एखादा तुकडा उचलला की मामा ओरडायचा, तोंडात घालू नको, मासळीचो आसा तो. बर्फ कमी पडला तर मासळी कितीही मिळो, बंदरावर भाव पडणार. त्यामुळे कँटरबरी नावाचं ते जुनाट, गंजलेलं बर्फाचं जहाज पडद्यावर आलं, त्यावरचे कंटाळलेले, एकमेकांना टोमणे मारणारे, पगाराचे दिवस मोजणारे लोक आले, तेव्हा मला ते परके वाटलेच नाहीत. सायन्स फिक्शनमध्ये एरवी जहाजं कशी चकाचक असतात, लोक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. इथे पाईप गळतोय आणि तो दुरुस्त करायचा कुणी यावर वाद.

या जगाची मुळं एका गेममध्ये आहेत. आधी ऑनलाईन गेमसाठी ते रचलं, मग टेबलाभोवती मित्र जमवून खेळलं, त्यातून कादंबऱ्या आल्या आणि मग सिरीज. ते जाणवतं. कारण गेम खेळणारे लोक अडचणीत टाकणारे प्रश्न विचारतात, आमच्या मामासारखे. खाली वजन कशाने लागतं? तर जहाजाचं इंजिन ढकलतंय म्हणून, इंजिन बंद की सगळे तरंगायला लागले, म्हणून जहाज इमारतीसारखं रचलेलं, इंजिन तळाला आणि वर एकावर एक मजले. सेरेसवर कशाने? तर तो गोल गोल फिरवलाय म्हणून, आणि म्हणून मिलर, तिथला पोलीस, ग्लासात दारू ओततो तेव्हा धार सरळ पडत नाही, वाकडी जाते. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही. मिलर ग्लास बरोबर जिथे धरायचा तिथे धरतो, जन्मभराची सवय. मला या सिरीजमधलं जे काही आवडतं ते सगळं त्या वाकड्या धारेत आहे, बाकी एलियन तंत्रज्ञान वगैरे ठीक आहे, ते नसतं तरी मी बघितली असती.

आणि हात.

बेल्टर लोक हातांनी बोलतात. खांदे उडवायचे नाहीत, पंजे वर करून हलवायचे, हो म्हणायला मूठ, नाही म्हणायला हात. कारण साधं आहे, स्पेससूट घातल्यावर चेहरा दिसत नाही, मान हलवलेली कळत नाही, म्हणून मोठ्या मोठ्या खुणा, आणि मग सूट काढल्यावरही त्याच राहिल्या, बापाच्या मुलाने उचलल्या. आमच्या बोटीवर सूट नाही पण इंजिन आहे. इंजिन सुरू झालं की नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा माणूस केबिनमधल्या माणसाला काय ओरडला ते देवाला पण ऐकू जात नाही. म्हणून हात. मामा आडवा हात करून पंजा खाली दाबतो म्हणजे हळू कर, हात वर करून मूठ मिटली म्हणजे गिअर काढ, आणि एक मनगटापासून झटका आहे तो म्हणजे शिवी, तो सगळ्यांना आधी पाठ होतो. आता घरी बसून इतकी वर्षं झाली तरी पडवीतून आत मामीकडे चहा मागताना मामाचा अख्खा हात खांद्यापासून वर जातो. मामी म्हणते, मी काय बंदरार उभी आसंय? त्या दुपारी मामाला स्क्रीनवरचे लोक बोटीवरचे आहेत हे कळलं ते यावरूनच असणार, डायलॉग तर एक कळला नव्हता.

मामीचं लक्ष मात्र दुसरीकडे. ती मधेच पाणी द्यायला आली तेव्हा स्क्रीनवर अवसरला होती, युनायटेड नेशन्समधली ती बेरकी बाई, आडनाव आपल्याकडचं, काम करणारी शोहरे अगदाश्लू मूळची इराणची, आवाज असा की जणू घशात वाळू. आणि अंगावर ते जड जड साडीसारखे झोळदार कपडे, भर दुपारी गळाभर दागिने. मामी दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "बाई हुशार दिसता, पण लबाड." पहिल्याच एपिसोडमध्ये ही बाई एका बेल्टरला, म्हणजे कमी वजनात वाढलेल्या माणसाला, चौकशीसाठी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणात लटकवून ठेवते, हात लावायची गरज नाही, त्याचं स्वतःचं वजनच त्याला मारतंय. आणि हीच बाई घरी नातवाशी खेळते. मामीला ते माहीत नव्हतं. चेहऱ्यावरूनच ओळखलं तिने.

मिलरबद्दल मला नीट बोलता येत नाही कारण तो जरा जास्तच जवळचा आहे. जन्माने बेल्टर, नोकरी पृथ्वीच्या सिक्युरिटी कंपनीत. डोक्यावर हॅट, जिथे पाऊस कधी पडलेला नाही अशा ठिकाणी. आपले लोक त्याला गद्दार म्हणतात, पृथ्वीवाले त्याला बेल्टर म्हणतात. लहानपणी स्वस्तातलं औषध टोचल्यामुळे मणक्यावर हाडं वाढलीत, ती कॉलरखाली लपवतो. आणि त्याचा जोडीदार, पृथ्वीवरून आलेला हॅवलॉक नावाचा पोलीस, तो मात्र हौसेने बेल्टरांच्या खुणा शिकतो, चुकतो, लोक हसतात, परत शिकतो. मी गणपतीला गावी उतरतो तेव्हा ट्रॉलीबॅग, पायात स्पोर्ट्स शूज, रेंज नाही म्हणून कुरकुर. नाक्यावरचा रिक्षावाला माझ्याशी सरळ शुद्ध मराठीत बोलतो, मी मालवणीत उत्तर दिलं की गालातल्या गालात हसतो. ऑफिसमध्ये मात्र माझी ओळख 'तो कोकणातला', मासे कुठले घ्यावेत विचारायला लोक माझ्याकडे येतात. आमच्या गिरणीतल्या आजोबांपासून हे चालू आहे, माणसं वरती पाठवायची आणि मनीऑर्डर खाली, आणि सुट्टीत परत आलेल्याला चाकरमानी म्हणून थोडा मान, थोडी चेष्टा. मिलरची हॅट बघून मला हसू येत नाही ते म्हणूनच.

बाकी सिरीजमधल्या माणसांमाणसांतलं जे आहे ना, त्यात माझं सगळ्यात आवडतं ते होल्डन-नाओमी ही मुख्य जोडी नाही, ड्रमर आणि अ‍ॅशफर्ड, दोघंही बेल्टर. कामिना ड्रमर, काळं काजळ, ताठ मान, दात आवळून बोलणारी, कॅप्टन ती. आणि तिच्या हाताखाली दिलेला क्लाएस अ‍ॅशफर्ड, वयाने कितीतरी मोठा, जुना लुटारू, सगळ्या खाचाखोचा माहीत असलेला. तरुण तांडेल आणि जुना खलाशी. हे मी बंदरावर किती वेळा बघितलंय. म्हातारा तोंडाने काही बोलत नाही, हुकूम ऐकतो, फक्त ऐकण्याच्या आधी एक क्षण जास्त थांबतो, आणि तेवढ्या क्षणात तरुणाचा घाम निघतो. तिसऱ्या सीझनमध्ये जहाज एकदम थांबतं आणि एक अवजड मशीन घसरून दोघं त्याच्या दोन बाजूंना चिरडून अडकतात. मशीन एका बाजूला सरकवलं तर दुसरा मरणार. आधी भांडतात, मग गप्पा मारतात, रक्त जातंय आणि हे आयुष्यातल्या गोष्टी सांगतायत, आणि शेवटी ड्रमर मशीन स्वतःच्या अंगावर घेते आणि त्याला सोडवते. आयुष्यभर एकमेकांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी एकमेकांसाठी मरणं ठीक आहे, बघितलंय आपण. पण हे दोघं एकमेकांना नीट आवडत पण नाहीत. एका बोटीवर आहेत, बास. ती वाचते, पायांना यंत्र लावून परत उभी राहते. पुढे चौथ्या सीझनच्या शेवटाला अ‍ॅशफर्ड मरतो तेव्हा बेल्टर भाषेत गात गात मरतो, आणि तिथे मी दर वेळी लॅपटॉप बंद करून जरा पाणी वगैरे पिऊन येतो.

तर भंडारी. परत बघताना मी खरंच शोधला. रोसिनांते या मुख्य जहाजावर कायमचा भंडारी नाहीच, एक टेबल आहे आणि एक कॉफीचं मशीन ज्यावर होल्डनचा जीव. जहाज चालवणाऱ्या अ‍ॅलेक्सला हुक्की आली की तो काहीतरी करून घालतो. चार माणसं, एक पृथ्वीवरच्या शेतावर वाढलेला, एक बाल्टिमोरच्या गल्लीतला, एक मंगळावरचा, एक बेल्टर, आणि सुरुवातीला त्या टेबलावर कुणी कुणाच्या बाजूला बसायला राजी नाही. पुढच्या सीझन्समध्ये त्याच टेबलावर बसण्याची जागा ठरून गेलेली. पण मोठं उत्तर मला दुसऱ्या सीझनमध्ये सापडलं. अख्ख्या बेल्टचा भंडारी म्हणजे गॅनिमीड. गुरूचा चंद्र, तिथे आरसे लावून ऊन ओढून शेती करतात आणि पट्ट्यातल्या लोकांचं पोट त्यावर. पृथ्वी आणि मंगळाचं सैन्य तिथेच आपसात भिडतं, आरसा कोसळतो आणि शेती मरायला लागते. प्रॅक्स नावाचा तिथला शास्त्रज्ञ रोपांची पानं बघून शांतपणे समजावून सांगतो, की एवढ्या छोट्या व्यवस्थेत एक गोष्ट बिघडली की तिचा भार दुसऱ्या गोष्टीवर जातो, मग ती बिघडते, आणि वरवर सगळं चालू दिसत असताना हे ठिकाण मेलेलंच आहे. लढाई कोण जिंकलं हे मला दोनदा बघूनही आठवत नाही, ती पिवळी पडलेली पानं आठवतात.

त्याच सुमाराला एक प्रसंग आहे जो पहिल्या वेळी मी बहुतेक डोळे फिरवून बघितला असणार. गॅनिमीडवरून निर्वासितांना घेऊन निघालेलं बेल्टरांचं जहाज. गर्दी, खायला कमी, आणि जहाजावरचे लोक पृथ्वी-मंगळवाल्यांना गोड बोलून बाजूला काढतात, तुमच्या माणसांकडे सोडतो म्हणून, आणि एअरलॉकमधून बाहेर टाकतात. प्रॅक्सची मैत्रीण त्यात जाते. तोपर्यंत तुम्ही पूर्ण बेल्टरांच्या बाजूने झालेले असता, यांच्यावर किती अन्याय वगैरे, आणि तेच बेल्टर हे करतात. सिरीज तुमच्याकडे बघून काही बोलत नाही, पुढच्या सीनला जाते.

किनाऱ्यावर आता खलाशी बरेचसे नेपाळी आहेत. आमच्या बागांमध्ये हापूस राखायला पण तेच, बोटींवर पण तेच, आमची पोरं मुंबईला आणि गोव्याला, मग दर्यावर जाणार कोण. परराज्यातले मोठे ट्रॉलर येऊन आमची मासळी ओरबाडतात यावर मामा तासभर बोलू शकतो, आवाज चढतो, आणि त्यात तो खोटं काही सांगत नाही. पण त्याच मामाच्या शेवटच्या बोटीवरचा भंडारी नेपाळी पोरगा होता, आणि वाडीत त्याला सगळे बहादूर म्हणायचे, जसं सगळ्याच नेपाळ्यांना म्हणतात. पृथ्वीवाले बेल्टरांना एक सरसकट नाव ठेवतात, 'स्किनी', ते ऐकून मला केवढा राग येतो, आणि बहादूर ऐकून कधी मान पण वळत नाही. मामा त्याच्यावर सगळ्यात जास्त ओरडायचा. आणि मामालाच फक्त त्याचं खरं नाव माहीत होतं, त्याच्या गावाला जायला कुठे बस सोडून किती चढावं लागतं ते माहीत होतं, आणि पावसाळ्यातली मासेमारीबंदी सुरू झाली की जूनमध्ये त्याच्या पोराला म्हणून मामी खोबऱ्याच्या वड्या बांधून द्यायची. त्याची मालवणी माझ्यापेक्षा चांगली होती. तो समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा कसा रडला होता हे मामा हसत हसत सांगतो आणि मग एकदम दुसरा विषय काढतो. यातलं प्रेम कुठलं आणि मालकी कुठली हे मला वेगळं काढता येत नाही. चौथ्या सीझनमध्ये बेल्टर नाओमी नव्या ग्रहावर पाऊल ठेवता यावं म्हणून औषधं घेते, व्यायाम करते, उतरते, आणि तिचं शरीर ते वजन पेलत नाही, परत वर जावं लागतं. आमच्या बोटीवर पहिला महिनाभर ओकाऱ्या काढणारी डोंगरातली पोरं कुठे परत जाणार, ती ओकत ओकत जाळं ओढतात.

सिरीजच्या शेवटावर माझा आणि मामेभावाचा अजून वाद चालू आहे. तो मच्छीमार सोसायटीच्या भानगडीत असतो, त्यामुळे त्याला राजकारण माझ्यापेक्षा कळतं असं त्याचं म्हणणं. लढाई संपते, सगळे टेबलावर बसतात, नवी युनियन काढायची ठरते, सगळी वाहतूक तिच्या हातात, आणि तिचा अध्यक्ष कुणाला करायचा तर पृथ्वीच्या होल्डनला, कारण म्हणे तो दोन्ही बाजूंना चालेल. ड्रमर खवळते. मग होल्डन खुर्चीत बसतो, लगेच राजीनामा देतो आणि खुर्ची तिला देतो. लोकांना हा सीन प्रचंड आवडतो, टाळ्या वगैरे. मला पहिल्यांदा बघताना पण खटकला आणि आता जास्त खटकतो. जिने अ‍ॅशफर्ड गमावला, सोबतचं कुटुंब फुटताना बघितलं, तिला शेवटी खुर्ची मिळते ती पृथ्वीवरच्या एका सज्जन माणसाने मोठं मन केलं म्हणून. भाऊ म्हणतो, "अरे खुर्ची कोणी दिली ता कोण बघता, उद्या परवान्यार सही कोणाची लागतली ता बघ." म्हटलं, आणि उद्या दुसरा कोणी सज्जन माणूस आला आणि त्याने परत घेतली तर? तो म्हणाला, त्यासाठी पुढचा सीझन लागतो आणि तो त्यांनी काढला नाही. हे मात्र बरोबर आहे, शेवटचा सीझन सहाच एपिसोडचा, एक अख्खा धागा, दूरच्या त्या लकोनिया ग्रहाचा, उघडून तसाच सोडलाय, आणि त्याबद्दल मी त्या लोकांना माफ करणार नाही.